युद्ध नसलेली छावणी: ‘गोमर पाइल’ मालिकेचं प्रकरण

५ ऑगस्ट १९६५ रोजी संध्याकाळच्या बातम्यांत सीबीएस या अमेरिकन वाहिनीने व्हिएतनाममधून आलेला एक वृत्तांत दाखवला. वार्ताहर होते मॉर्ली सेफर. दा नांगजवळच्या काम ने या गावात अमेरिकेचे मरीन सैनिक गवताने शाकारलेल्या झोपड्या पेटवत होते, आणि त्यासाठी साधा सिगारेटचा लायटर वापरला जात होता. गावातली म्हातारी माणसं, बायका, पोरं हतबल होऊन पाहत होती. घराघरांत हे दृश्य पोहोचलं आणि देशभर खळबळ उडाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन वाहिनीवर भडकले होते.

पुढच्याच महिन्यात, त्याच वाहिनीवर, त्याच मरीन दलावरची एक विनोदी मालिका दुसऱ्या हंगामासाठी परतली. पहिला हंगाम कृष्णधवल होता, आता ती रंगीत झाली होती. कॅलिफोर्नियातल्या ‘कॅम्प हेंडरसन’ या काल्पनिक तळावर गोमर पाइल नावाचा भोळाभाबडा शिपाई आपल्या सार्जंटच्या नाकी नऊ आणत होता आणि लाखो कुटुंबं पोट धरून हसत होती. ‘गोमर पाइल, यूएसएमसी’ ही ती मालिका; यूएसएमसी म्हणजे अमेरिकेचं मरीन दल. २५ सप्टेंबर १९६४ ते २ मे १९६९, पाच हंगाम, १५० भाग. पाचही हंगामांत ती लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत राहिली. १९६५-६६ आणि १९६८-६९ या दोन हंगामांत तर थेट दुसऱ्या क्रमांकावर होती.

या पाच वर्षांत मरीन दल प्रत्यक्षात काय करत होतं? ८ मार्च १९६५ रोजी, म्हणजे मालिकेचा पहिला हंगाम चालू असतानाच, मरीनच्या तुकड्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. १९६८ पर्यंत व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. त्या एका वर्षात १६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. संपूर्ण युद्धात लढाईत पडलेल्या मरीन सैनिकांची संख्या १३ हजारांच्या वर आहे. आणि कॅम्प हेंडरसनमधून व्हिएतनामला कोणीही गेलं नाही. मालिकेने त्या युद्धाला हातच लावला नाही.

हे प्रकरण मला अभ्यासावंसं वाटतं, ते या गप्प बसण्यामुळे. त्यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, लोकांना चार घटका विसरायचं होतं, त्यांना विरंगुळा मिळाला. दुसरं, हा सगळा लष्कराचा प्रचार होता. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरं आळशी आहेत. विरंगुळाच हवा होता तर टीव्हीवर त्या काळात जादूगारणी होत्या, काउबॉय होते. ज्या दलाची पोरं रोज मरत होती त्याच दलाचा गणवेश विरंगुळ्यासाठी कशाला हवा? आणि प्रचार म्हणावा तर प्रचारात शौर्य असतं, शत्रू असतो, विजय असतो. इथे त्यातलं काहीच नाही. माझ्या मते उत्तर पाइल आणि त्याचा सार्जंट या दोन माणसांच्या घडणीत आहे. त्यांची जोडी जशी बांधली गेली, तिच्यात युद्धाला शिरायला फटच ठेवलेली नव्हती. आणि जे बाहेर राहिलं त्याची किंमत पुढे दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली.

पेट्रोल पंपावरचा पोरगा

गोमर पाइल मुळात लष्करी माणूस नव्हे. ‘अँडी ग्रिफिथ शो’ या मालिकेतल्या मेबेरी नावाच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या काल्पनिक गावात तो पेट्रोल पंपावर काम करायचा. भूमिका करणारा जिम नेबर्स अलाबामातल्या सिलाकॉगा गावचा. सांता मोनिकातल्या ‘द हॉर्न’ नावाच्या क्लबमध्ये तो गायचा आणि हसवायचा, तिथे अँडी ग्रिफिथने त्याला हेरलं. दीड-दोन हंगामांत हे पात्र इतकं लोकप्रिय झालं की त्याला स्वतंत्र मालिका द्यायचं ठरलं. त्यासाठी १८ मे १९६४ रोजी मूळ मालिकेच्याच एका भागात गोमर मरीन दलात भरती होतो असं दाखवलं गेलं. तो भाग नव्या मालिकेची चाचणीच होती. नव्या मालिकेचे जनक होते एरन रूबेन.

खेड्यातला भाबडा पोरगा फौजेत जातो आणि शिस्तीची यंत्रणा त्याच्यापुढे हात टेकते, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. अँडी ग्रिफिथ स्वतः १९५५ साली अशाच एका नाटकात आणि १९५८ साली त्यावरच्या चित्रपटात अशीच भूमिका करून मोठा झाला होता. ‘नो टाइम फॉर सार्जंट्स’ हे त्याचं नाव. म्हणजे नेबर्सला जे मिळालं ते बऱ्याच अंशी ग्रिफिथने आधी घालून पाहिलेलंच होतं. फरक पडला तो समोरच्या माणसामुळे.

सार्जंट कार्टर

गनरी सार्जंट व्हिन्स कार्टर. बुटका, रुंद खांद्यांचा, केस डोक्याला चिकटतील इतके बारीक कापलेले. हनुवटी वर, छाती पुढे, आणि पाइलच्या नाकापासून बोटभर अंतरावर नाक आणून ओरडणं. ‘आय कान्ट हिअर यू!’ ‘मूव्ह इट, मूव्ह इट, मूव्ह इट!’ समोर पाइल ताठ उभा, चेहऱ्यावर हसू, आणि ओरडणं संपलं की तोंडातून एक लांबलेलं ‘गॉऽऽली’. कार्टरच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या असतात आणि पाइलला खरोखरच आनंद झालेला असतो, की सार्जंटसाहेब आपल्याकडे इतकं जातीने लक्ष देतात. मालिका पाहताना माझी नजर बहुतेक वेळा कार्टरवरच खिळते. पाइल पाच वर्षांत बदलत नाही. बदलतो तो कार्टर.

फ्रँक सटन या नटाने ही भूमिका केली. टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलचा हा माणूस दुसऱ्या महायुद्धात लष्करात होता. पॅसिफिकमध्ये शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर उतरण्याच्या १४ मोहिमांत त्याने भाग घेतला होता. उलट नेबर्सला दमा होता, तो कधीच फौजेत नव्हता. म्हणजे पडद्यावर जो ओरडत होता त्याला त्या ओरडण्यामागचं कारण अनुभवाने ठाऊक होतं, आणि जो हसत होता त्याला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सटनच्या अभिनयाला जो भक्कमपणा आहे तो इथून येतो असं मला वाटतं. तो सार्जंटचं व्यंगचित्र काढत नाही. त्याच्या कार्टरला खरोखरच वाटतं की ही पोरं शिस्तीत आली नाहीत तर काहीतरी भयंकर घडेल. काय घडेल, ते मालिका त्याला बोलू देत नाही.

चाचणीच्या भागातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाइलला सैनिकी जगाचं काहीच कळत नाही. कार्टर त्याच्या डोक्यावर बादली घालून त्याला उभं करतो. त्याला सोबत करायला आलेला मेबेरीचा शेरीफ अँडी टेलर पाहतो की आपला पोरगा आता हाकलला जाणार. तेव्हा तो कार्टरच्या मनात असा समज भरवून देतो की हा पाइल म्हणजे जनरल ल्युशस पाइल यांचा मुलगा. झालं! ज्याला हाकलायचं होतं त्यालाच शिकवायला कार्टर जिवाचं रान करतो.

मालिकेचं सगळं यंत्र त्या खोट्या बोलण्यात दिसतं. कार्टर हा मधला माणूस आहे. खालच्यांवर त्याचा आवाज चालतो आणि वरच्यांपुढे तोच आवाज बसतो. कर्नल ग्रे नुसते दारात आले तरी त्याचे खांदे बदलतात. पाइलला तो पहिल्यांदा जपतो ते प्रेमाने नव्हे, भीतीने. पुढे लेखकांनी काय केलं, तर ती भीती हळूहळू काढून घेतली आणि जपणं तेवढं ठेवलं. नंतरच्या हंगामांत कोणी तिऱ्हाईत पाइलला फसवायला आला, की सगळ्यात आधी कार्टर धावून जातो. ओरडणं चालूच राहतं, पण त्यातली धमकी गेलेली असते.

आपल्या वगनाट्यातला सोंगाड्याही राजाचा शब्द शब्दशः घेऊन त्याची सत्ता उघडी पाडतो. पण सोंगाड्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. प्रेक्षकाला डोळा मारूनच तो ते करतो. पाइलला ठाऊक नसतं. तो हुकूम जसाच्या तसा पाळतो, कारण सार्जंट खोटं कशाला बोलेल? त्याच्या वागण्यात बंड नाही, उपरोध नाही, कामचुकारपणा तर नाहीच. आणि इथेच कार्टरची पंचाईत होते. हाताखालचा माणूस घाबरला किंवा उलटला तर वरच्याला काय करायचं ते माहीत असतं. हा घाबरत नाही, उलटतही नाही. तो मनापासून आदर करतो. त्याला शिक्षा दिली तर तो आभार मानतो. अशा माणसावर चालेल असा अधिकार अजून कोणी शोधलेला नाही.

रिबन क्रीकची सावली

आता मागे जायला हवं, कारण ओरडणाऱ्या मरीन सार्जंटवर हसणं अमेरिकेला त्या काळात सहज शक्य नव्हतं.

८ एप्रिल १९५६ च्या रात्री साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण तळावर स्टाफ सार्जंट मॅथ्यू मॅकीऑन याने आपल्या ७१ व्या प्लॅटूनला शिस्त लावायची म्हणून अंधारात दलदलीतून चालवत रिबन क्रीक या खाडीत नेलं. तिथे भरती-ओहोटीचं पाणी होतं, तळाशी चिखल होता, काही पोरांना पोहता येत नव्हतं. सहा जण बुडाले. मॅकीऑन त्या दिवशी दारू प्यायला होता. लष्करी खटला देशभर गाजला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, पण निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल आणि मद्यपानाबद्दल दोषी ठरला, आणि शेवटी सार्जंटचा साधा शिपाई झाला. मरीन दलाला आपली प्रशिक्षणपद्धत तपासावी लागली, प्रशिक्षकांवर देखरेख वाढवावी लागली.

खटल्याच्या काळात देशात जो वाद झाला तो नेमका कार्टरसारख्या माणसाबद्दलचा होता. रात्री-अपरात्री पोरांना पिदडणारा प्रशिक्षक हवा की नको? त्याच्या क्रौर्यामुळेच सैनिक रणांगणात तगतो, असं म्हणणारे होते. त्यात मरीनचा सर्वांत नावाजलेला अधिकारी ‘चेस्टी’ पुलरही होता, जो मॅकीऑनच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. दुसरीकडे सहा मृतांची कुटुंबं होती.

या घटनेनंतर अवघ्या आठ वर्षांनी कार्टर पडद्यावर आला. तोच आवाज, तीच नाकाला नाक लावण्याची पद्धत, पण परिणाम मात्र कधीही गंभीर नाही. पाइलला कितीही पळवलं, कितीही खड्डे खणायला लावले, कितीही वेळ शौचालयं घासायला लावली तरी त्याच्या अंगावर ओरखडा उठत नाही. क्रौर्याची सगळी बाह्य लक्षणं ठेवून त्याचा परिणाम काढून घेतला, की उरतं ते प्रेमळ कडक वडिलांचं रूप. मरीन दलासाठी हे वरदानच होतं. पाइलला वॉशिंग्टनमध्ये गायला लावणाऱ्या भागात मरीनचं स्वतःचं वाद्यवृंद पथक त्याच्या साथीला बसलं होतं, यावरून दलाला या मालिकेबद्दल काय वाटत होतं ते कळतं.

तो भाग नोव्हेंबर १९६७ चा. ‘गॉऽऽली’ म्हणणारा, हेल काढून बोलणारा पाइल मंचावर उभा राहतो, तोंड उघडतो, आणि आतून एक भारदस्त, घडवलेला, खर्जातला आवाज येतो. गाणं ‘द इम्पॉसिबल ड्रीम’, तेव्हाच्या एका गाजत्या संगीतनाटकातलं. नेबर्सच्या बोलण्याच्या आणि गाण्याच्या आवाजात एवढं अंतर आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं वाटावं. अभिनेता म्हणून त्याने इथे पात्राचा भोळसटपणा पूर्ण बाजूला ठेवला आहे: चेहरा शांत, हात स्थिर. अशक्य ते स्वप्न पाहायचं, अजिंक्य शत्रूशी लढायचं, असे त्या गाण्याचे शब्द. मागे गणवेशातले खरे वादक. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट फौजांचा मोठा हल्ला, टेट आक्रमण, झाला, ह्वे शहरात मरीन सैनिक घरोघर लढत होते आणि खे सान्हच्या तळाला वेढा पडला होता. पाच वर्षांत मालिका युद्धाच्या सर्वांत जवळ आली असेल तर ती या गाण्यात, आणि तेही शत्रूचं नाव न घेता.

काळ थांबलेला तळ

खऱ्या मरीन दलात प्रशिक्षक आणि रंगरूट यांची गाठ काही आठवड्यांची असते. व्हिएतनामच्या काळात तर माणसांची निकड एवढी होती की मूलभूत प्रशिक्षण आठ आठवड्यांपर्यंत खाली आणलं गेलं. तेवढ्यात पोराला बंदूक चालवायला, हुकूम पाळायला आणि मागेपुढे न पाहता धावायला शिकवायचं आणि पुढे पाठवायचं. प्रशिक्षकापुढे मग नवी तुकडी.

मालिकेत हे घडू शकत नाही. पहिल्या काही भागांनंतर प्रशिक्षण संपतं, पण कार्टर आणि पाइल सुटत नाहीत. पाचही वर्षं ते एकत्रच राहतात. पाइल शिपाईच राहतो. ड्यूक स्लेटर हा त्याचा मित्र तिथेच, कर्नल ग्रे तिथेच, कार्टरची मैत्रीण बनीही तिथेच, आणि ती बहुतेक वेळा पाइलचीच बाजू घेते. त्या काळच्या सगळ्याच विनोदी मालिकांत पात्रं भागाच्या शेवटी पुन्हा मूळ जागी येतात. इतर ठिकाणी त्याचं काही बिघडत नाही. पण फौजेचा अर्थच मुळी पुढे पाठवणं हा आहे. ज्या तळावरून कोणाची रवानगी होत नाही तो तळ राहत नाही, घर होतं. आणि प्रेक्षकांना तेच हवं होतं. ज्यांचा मुलगा, भाऊ, शेजारी गणवेशात होता त्यांना तो कुठल्या तरी उन्हाच्या तळावर, एका ओरडणाऱ्या पण मायाळू माणसाच्या नजरेखाली, सुखरूप आहे असं दर आठवड्याला अर्धा तास पाहायला मिळत होतं. मी याला पळपुटेपणा म्हणणार नाही. ती गरज खरी होती, आणि तिची थट्टा करायचा अधिकार कोणाला आहे असं मला वाटत नाही.

पण याच कारणाने युद्धाचं नाव घेणं अशक्य होतं. एकदा जरी कोणी ‘व्हिएतनाम’ म्हटलं असतं तरी प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात पुढचा प्रश्न आला असता: मग पाइल कधी जाणार? आणि पाइल गेला तर काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. हुकूम शब्दशः पाळणारा, समोरच्यावर शंका न घेणारा, कोणालाही शत्रू न मानणारा माणूस तिथे किती दिवस जगला असता? आणि काम ने गावात त्याच्या हातात लायटर देऊन छप्पर पेटवायचा हुकूम कार्टरने दिला असता, तर? पाइलचा सगळा विनोद त्याच्या आज्ञाधारकपणावर उभा आहे. तो आज्ञाधारकपणा तिथे नेला की विनोद संपतो आणि एक फार वाईट प्रश्न सुरू होतो. लेखकांनी हा विचार अशा शब्दांत केला असेल असं नाही. पण त्यांनी बांधलेल्या पात्राने तो त्यांच्या वतीने करून ठेवला होता.

खरे पाइल

इथे मालिकेबाहेरची एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्टोबर १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी ‘प्रोजेक्ट १,००,०००’ नावाची योजना सुरू केली. भरतीच्या बौद्धिक चाचणीत जे आधी नापास ठरले असते अशांना निकष शिथिल करून घ्यायचं. सांगण्यात आलं की गरीब, अर्धशिक्षित तरुणांना यातून शिक्षण आणि संधी मिळेल. योजना संपेपर्यंत तीन लाखांहून अधिक तरुण त्यातून भरती झाले. त्यांत दक्षिणेकडच्या राज्यांतले आणि गरीब घरांतले पुष्कळ होते. अनेकांना नीट वाचता येत नव्हतं, आणि बरेच जण थेट लढाऊ तुकड्यांत गेले. मरीन दलालाही आपला वाटा घ्यावा लागला.

म्हणजे ज्या वर्षांत टीव्हीवरचा भोळा शिपाई बरॅकीत सुखरूप होता, त्याच वर्षांत त्याच्यासारखे हजारो जण खरोखर गोळा करून पाठवले जात होते. त्यांच्यासाठी कार्टर नव्हता. किंवा होता, पण त्याच्याकडे आठच आठवडे होते.

या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा धागा १९८७ साली समोर येतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘फुल मेटल जॅकेट’ या चित्रपटाचा पहिला भाग पॅरिस आयलंडवर घडतो. जाडा, गोंधळलेला, कायम हसऱ्या चेहऱ्याचा रंगरूट पाहून प्रशिक्षक त्याला नाव देतो: गोमर पाइल. तो प्रशिक्षक साकारला ली अर्मी यांनी, जे स्वतः मरीनमध्ये कवायत प्रशिक्षक राहिले होते. तेच नाकाला नाक, तोच ‘ऐकू येत नाही’चा मारा. पण इथे कुठलाही जनरल वडील म्हणून आडवा येत नाही, आणि पोराचं हसू एक दिवस मावळतं. तो प्रशिक्षकाला गोळी घालतो, मग स्वतःला. चित्रपटाने नाव उगाच उचललेलं नाही. मालिकेने प्रशिक्षणातून जो परिणाम काढून घेतला होता, तो चित्रपटाने परत आणून बसवला. आज अनेक तरुण प्रेक्षकांना ‘गोमर पाइल’ म्हटलं की नेबर्स नव्हे, हा दुसरा पाइल आठवतो. नेबर्स आणि सटन यांच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तरीही तो चित्रपट चुकला असं मी म्हणू शकत नाही.

वेगळं काही करता आलं असतं?

सीबीएसला पर्याय होते का, हे पाहायला त्याच वाहिनीच्या दुसऱ्या मालिकेकडे जावं लागतं. रणभूमीजवळच्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ ही विनोदी मालिका सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. काळ कोरियन युद्धाचा, पण बोलणं सगळं व्हिएतनामबद्दलचं, आणि हे प्रेक्षकाला लगेच कळत होतं. युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा हंगाम. त्यात माणसं मरतात, प्रेक्षकांची लाडकी माणसंही. म्हणजे फौजी विनोदात मृत्यूला जागा देता येते, हे सिद्ध झालं.

पण ‘मॅश’ १९७२ ची आहे. १९६५ मध्ये कोणतीही अमेरिकन वाहिनी असं काही करू धजली नसती. तेव्हा जाहिरातदार, सरकार आणि बहुसंख्य प्रेक्षक युद्धाच्या बाजूने होते, आणि बातम्यांत काम ने दाखवल्याबद्दलच वाहिनीवर टीकेची झोड उठली होती. त्या काळातल्या बाकीच्या फौजी विनोदी मालिका पाहा: ‘मॅकहेल्स नेव्ही’ आणि ‘होगन्स हिरोज’ दुसऱ्या महायुद्धात, ‘एफ ट्रूप’ एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिमेत. सगळ्यांनी जुनं, निवाडा झालेलं युद्ध निवडलं. चालू काळातल्या फौजेत जाऊन बसण्याचं धाडस ‘गोमर पाइल’ने केलं आणि मग त्या धाडसाची किंमत म्हणून तोंड बंद ठेवलं. माझं मत असं की १९६५ मध्ये हे समजण्यासारखं होतं. १९६८ नंतर नव्हतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याच वाहिनीवर तिचे प्रमुख वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी व्हिएतनामहून परतून हे युद्ध कोंडीत सापडलं आहे असं देशाला सांगितलं. त्यानंतरही सव्वा वर्ष कॅम्प हेंडरसनमध्ये तेच ऊन राहिलं. निदान एखादं ओळखीचं पात्र बॅग भरून जाताना दाखवता आलं असतं. कार्टर त्याला निरोप देताना काय बोलला असता? सटन तो प्रसंग करू शकला असता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मालिका बंद झाली ती घसरल्यामुळे नव्हे. नेबर्सला गाण्याचा स्वतंत्र कार्यक्रम करायचा होता. सटन आणि स्लेटरची भूमिका करणारा रॉनी शेल त्याच्यासोबत तिकडे गेले. १९७१ मध्ये सीबीएसने ग्रामीण वळणाचे कार्यक्रम घाऊक बंद केले, त्यात तोही गेला. सटन २८ जून १९७४ रोजी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट इथे नाटकाच्या प्रयोगाची तयारी करत असताना हृदयविकाराने वारला. वय अवघं ५०.

नेबर्स बराच जगला. इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीआधी इंडियानाचं गाणं म्हणणारा माणूस म्हणून तो कित्येक वर्षं लोकांना ठाऊक राहिला. मरीन दलानेही त्याला विसरू दिलं नाही: २००१ मध्ये मानद लान्स कॉर्पोरल, २००७ मध्ये कॉर्पोरल, २०१३ मध्ये सार्जंट. पडद्यावर जी बढती पाच वर्षांत मिळाली नाही ती दलाने स्वतः दिली. २०१३ च्याच जानेवारीत त्याने ३८ वर्षं सोबत असलेल्या आपल्या जोडीदाराशी, एका पुरुषाशी, सिएटलमध्ये लग्न केलं. १९६४ मध्ये ही गोष्ट उघड झाली असती तर खऱ्या मरीन दलाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तेव्हा गणवेशातल्या समलिंगी माणसाला बाहेर काढायचा नियम होता, आणि उघडपणे सेवा करायची मुभा २०११ मध्ये आली. तो ३० नोव्हेंबर २०१७ रोजी होनोलुलूमध्ये वारला.

हे प्रकरण स्वतः तपासून पाहायचं असेल तर १५० भाग पाहायची गरज नाही. मे १९६४ चा चाचणीचा भाग पाहावा, त्यातला बादलीचा प्रसंग आणि जनरलची थाप नीट पाहावी. मग १९६५ च्या शरद ऋतूतले दोन-तीन रंगीत भाग, आणि त्यांच्या लगोलग सेफर यांचा काम नेचा वृत्तांत. मग नोव्हेंबर १९६७ चा गाण्याचा भाग. आणि हे सगळं पाहताना एकदा तरी पाइलवरून नजर काढून, तो बोलत असताना मागे उभ्या असलेल्या सटनचा चेहरा पाहावा.